जायफळाच्या बेटांकडे, उथळ बुडाच्या बोटीतून

बांदा समुद्रातलं रन हे बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब आणि एक किलोमीटरहूनही कमी रुंद आहे. १६६७ साली ब्रेडा इथल्या तहात इंग्रजांनी या बेटावरचा हक्क सोडला, आणि डचांनी उत्तर अमेरिकेतल्या न्यू ॲमस्टरडॅमवरचा. न्यू ॲमस्टरडॅम म्हणजे आजचं मॅनहॅटन. त्या काळच्या हिशेबात डचांनी काही गमावलं नव्हतं, कारण रनवर जायफळ पिकत होतं. आज मॅनहॅटनच्या धक्क्याला हजारो प्रवाशांची जहाजं लागतात. रनवर उतरायचं तर भरती कधी आहे ते बघून, प्रवाळाचा उथळ पट्टा सांभाळत, लहान होडीतूनच किनारा गाठावा लागतो.

इंडोनेशियाच्या पूर्व भागात, मालुकू आणि राजा अंपातच्या समुद्रात अशी शेकडो बेटं आहेत. मोठ्या जहाजाला तिथे सहसा जागा नाही, विमानतळ बहुतेक ठिकाणी नाहीत आणि हॉटेलं तर त्याहून विरळ. गेल्या दोन-तीन दशकांत या भागात एका वेगळ्या समुद्रसफरीने जम बसवला आहे. दहाबारापासून तीसेकपर्यंत प्रवासी, बहुधा लाकडी शिडाची बोट, तिच्यात चांगल्या हॉटेलच्या तोडीच्या खोल्या, सोबत एखादा निसर्गतज्ज्ञ किंवा इतिहासाचा जाणकार, आणि दहाबारा दिवस एका बेटावरून दुसऱ्या बेटावर. ही सफर महाग असते, खूपच महाग. पण त्या पैशांतून जे खरोखर मिळतं ते गादी-उशांत आणि वाइनच्या यादीत नाही. बोटीचं बूड पाण्यात फारसं खोल जात नाही, म्हणून ती अशा ठिकाणी नांगर टाकू शकते जिथे दुसरं कुणी पोचत नाही. या सफरीचं मोल इथे आहे, आणि तिचे धोकेही इथूनच सुरू होतात.

मराठी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे क्रूझ म्हटलं की मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारी कोर्डेलिया येते. जगातल्या मोठ्या जहाजांचा पसारा तर आता एखाद्या तालुक्याच्या गावाएवढा झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीला निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे आणि त्यात जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. तिथे जहाज हाच मुक्काम असतो आणि बंदर हा मधला थांबा. घसरगुंड्या, नाटकं, बाजार, सगळं जहाजावरच. पूर्व इंडोनेशियातल्या बोटींवर यातलं काही नसतं. ‘ओंबाक पुतिह’ ही या भागातली जुनी, नावाजलेली बोट ४२ मीटर लांब आहे. तिच्यात १२ खोल्या आणि २४ प्रवासी. अमान कंपनीची ‘अमांदिरा’ ५२ मीटरची, पण खोल्या फक्त पाच. लाकडी नसलेल्या बोटींत ‘अक्वा ब्लू’ लक्षात राहण्यासारखी आहे. ३० प्रवाशांची ही नौका मुळात ब्रिटिश नौदलाचं ‘बीगल’ नावाचं सागरी सर्वेक्षण जहाज होतं. डार्विन ज्या ‘बीगल’वरून गेला त्याच नावाचं हे विसाव्या शतकातलं जहाज, १९६७ साली पाण्यात उतरलेलं.

मात्र या समुद्राची खरी बोट पिनिसी. दक्षिण सुलावेसीच्या टोकाला ताना बेरू आणि बिरा ही गावं आहेत. तिथे पुळणीवरच, नारळाच्या झावळ्यांच्या सावलीत, तीस-चाळीस मीटरच्या बोटी उभ्या राहतात. युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत या नौकाबांधणीचा समावेश केला. ताना बेरू, बिरा अशा गावांतली सुमारे ७० टक्के वस्ती बोटी बांधण्यावर आणि त्या हाकण्यावर पोट भरते, अशी नोंद युनेस्कोच्याच माहितीत आहे. मुख्य कारागिराला तिथे ‘पानरिता लोपी’ म्हणतात. पारंपरिक पद्धतीत त्याच्या हातात कागदावरचा नकाशा नसतो, सगळी मापं डोक्यात असतात.

ही बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. युरोपीय पद्धतीत बहुधा आधी बोटीच्या आतल्या फासळ्या उभ्या करतात आणि त्यांवर बाहेरून फळ्या ठोकतात. इथे उलट. आधी तळाचा कणा, मग त्याच्या दोन्ही अंगांनी एकावर एक फळ्या चढत जातात, आणि बोटीचं पोट आकाराला आलं की मग आत फासळ्या बसतात. दोन फळ्या जोडताना त्यांच्या कडांना भोकं पाडून त्यांत लाकडी खुंट्या ठोकतात. खुंट्या लोखंडासारख्या कठीण लाकडाच्या, पाणी लागलं की फुगणाऱ्या. फळी फळीवर बसवण्याआधी मध्ये कागदासारख्या सुट्या होणाऱ्या सालीची पट्टी घालतात. तीही ओली झाली की फुगते आणि फट बुजते. वरची फळी घणाने खाली बसत जाते तसतशी साल दाबली जाऊन कडेने तिची बारीक कातरण बाहेर डोकावते. बोट पुरी झाली की दोर आणि कप्प्या लावून शेकडो हातांनी ती समुद्रात ओढायची, त्याला कधी कधी कित्येक दिवस लागतात. कामाची सुरुवात विधीने होते. कण्याच्या दोन्ही टोकांचे तुकडे कापतात. पुढचा समुद्राला देतात, मागचा घरी ठेवतात: एक दर्यावर जाणारा नवरा, दुसरी वाट पाहणारी बायको.

पिनिसी हे खरं तर शिडांच्या मांडणीचं नाव. दोन डोलकाठ्या आणि सात शिडं. मालवाहू बोटींवर १९७०च्या दशकात इंजिनं आली आणि शिडं झपाट्याने उतरली. १९८६ साली ‘पिनिसी नुसांतारा’ ही बोट जकार्ताहून पॅसिफिक ओलांडून कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या जागतिक प्रदर्शनाला गेली, तेव्हा या बोटींकडे जगाचं लक्ष वळलं. पुढे पर्यटन आलं आणि ताना बेरूच्या कारागिरांना माल वाहणाऱ्या बोटींबरोबर वातानुकूलित खोल्यांच्या बोटींचीही कामं मिळू लागली. शीड पूर्ण उभारून, इंजिन बंद करून जाण्याचे प्रसंग आजच्या सफरीत मोजकेच असतात. बहुतेक अंतर डिझेलवरच कापलं जातं, आणि ते तिकीट काढणाऱ्याने आधीच धरून चालावं. कायद्याचाही इथे वाटा आहे. इंडोनेशियाच्या २००८च्या नौवहन कायद्याने देशांतर्गत वाहतूक आपलाच झेंडा आणि आपलेच खलाशी असलेल्या जहाजांसाठी राखली आहे. त्यामुळे या बोटींवरचे तांडेल, खलाशी, आचारी बहुतांशी सुलावेसी, फ्लोरेस, मालुकूचे असतात. जी बेटं दाखवायची, त्यांपैकी एखाद्यावर त्यांचं घर असतं.

बोटीवरचा दिवस लवकर उजाडतो. विषुववृत्ताजवळ सहाच्या सुमाराला सूर्य वर येतो आणि नऊनंतर ऊन सोसत नाही, म्हणून पहिली फेरी सकाळची. धक्का नसलेल्या बेटावर उतरण्याची एक रीत आहे. रबरी होडी नाळेकडून वाळूला लागते. एक खलाशी कमरेभर पाण्यात उतरून ती धरून ठेवतो, आणि दुसरा प्रवाशाला उतरवतो. हात धरायचा नाही, एकमेकांचं मनगट धरायचं. ओल्या हातांची पकड सुटते, मनगटांची सुटत नाही. प्रवासी होडीच्या फुगीर काठावर बसतो, पाय बाहेर टाकतो, लाट ओसरली की उतरतो. चपला टोपलीत पुढे गेलेल्या असतात. परत आल्यावर बोटीच्या शिडीपाशी गोड्या पाण्याने पायांची वाळू धुतली जाते, आणि मगच लाकडी डेकवर पाऊल पडतं. वयस्कर प्रवाशांनी या उतरण्या-चढण्याचा आधी विचार करावा. गुडघे कुरकुरत असतील तर दिवसातून चार वेळा हे जड जातं.

जेवणात मासा मुख्य. निखाऱ्यावर भाजलेला मासा आणि त्यावर कोलो-कोलो, म्हणजे मिरची, कांदा, टोमॅटो, लिंबू यांची मालुकूची कच्ची चटणी. बांदामध्ये केनारी नावाच्या बदामासारख्या बियांच्या रश्शात वांगी शिजवतात, ते मराठी जिभेला लगेच आपलं वाटेल. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही: टेंपे, टोफू, शेंगदाण्याच्या चटणीतलं गाडो-गाडो, भरपूर फळं. अडचण एकच, आणि ती दिसत नाही. इंडोनेशियातल्या बऱ्याच चटण्यांत आणि भाज्यांत ‘तरासी’ असते, म्हणजे आंबवून वाळवलेल्या कोळंबीचा गोळा. ‘मांस-मासे नको’ एवढं सांगून भागत नाही. तरासी नको, माशाचा रस नको, हे बुकिंगच्या वेळी लिहून कळवावं लागतं. बोट सुटल्यावर आचाऱ्याला पुढचं दुकान चार दिवसांनी दिसतं.

आणि मग बांदा. सिंधुदुर्गातलं नव्हे, मालुकूतलं. गुनुंग आपी हा जवळपास साडेसहाशे मीटर उंचीचा ज्वालामुखी सरळ समुद्रातून वर आलेला आहे. त्याच्या आणि नैरा बेटाच्या मधल्या चिंचोळ्या खाडीतून बोट आत शिरते. डोक्यावर बेल्जिका किल्ला, पाण्याकाठी मशिदी, जुने डच वाडे. कधी स्वागताला कोरा-कोरा येतात, वल्हेकऱ्यांनी भरलेल्या लांब होड्या, ढोलाच्या ठेक्यावर. एकेकाळी या लढाऊ होड्या होत्या, आता त्यांच्या शर्यती होतात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगातलं जवळजवळ सगळं जायफळ आणि जायपत्री या मूठभर बेटांवरून यायची. युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून जावा, मलाक्का, अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या हातांतून ती पुढे जात असे, आणि मोबदल्यात बेटांवर तांदूळ आणि भारतीय कापड यायचं. गुजरातचा पटोला या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवण्याची वस्तू होती. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आफोन्सो द अल्बुकर्कने पुढच्याच वर्षी मलाक्का जिंकलं आणि लगेच तीन जहाजं मसाल्याच्या बेटांच्या शोधात पाठवली. १५१२ मध्ये ती बांदाला पोचली. पोर्तुगीजांना तिथे किल्ला काही उभारता आला नाही. तो उभारला डचांनी. नासाऊ किल्ला १६०९चा, त्याच्या वरच्या टेकडीवरचा पंचकोनी बेल्जिका १६११चा.

बेल्जिकाच्या बुरुजावरून दिसणारं दृश्य फार सुंदर आहे. पण चांगला वाटाड्या प्रवाशांना तिथेच थांबू देत नाही, तो त्यांना खाली, १६२१च्या कत्तलीची आठवण जपणाऱ्या पारिगी रांते या विहिरीपाशी नेतो. १६२१ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून याने जायफळाची मक्तेदारी पक्की करण्यासाठी बांदावर स्वारी केली. बेटांवरच्या ४४ प्रमुखांना नासाऊ किल्ल्यात कंपनीच्या पदरी असलेल्या जपानी भाडोत्री सैनिकांकडून ठार मारलं. बांदाची लोकसंख्या तेव्हा सुमारे १५ हजार होती असा इतिहासकारांचा अंदाज आहे. काही महिन्यांत बेटांवर हजारएक माणसं उरली. बाकीची मारली गेली, उपासमारीने मेली, गुलाम म्हणून विकली गेली किंवा पळाली. पळालेले काही केई बेटांवर पोचले. तिथल्या बांदा एली आणि बांदा एलात या गावांत मूळ बांदाची भाषा आजही बोलली जाते. ज्या बांदामध्ये ती जन्मली तिथे ती उरलेली नाही. रिकाम्या झालेल्या बेटांचे ६८ मळे पाडून ते डच मळेवाल्यांना दिले गेले आणि राबायला दूरदूरहून गुलाम आणले गेले. आजचे बांदावासी बरेचसे त्या गुलामांचे, मळेवाल्यांचे आणि नंतर आलेल्या व्यापाऱ्यांचे वंशज. सुखसोयींच्या सफरीत या हकिगतीला जागा मिळते की नाही, यावरून त्या सफरीची प्रत कळते. चांगल्या बोटींवर आदल्या रात्री तासभर बसून ती सांगितली जाते. काही बोटींवर मात्र ज्वालामुखीच्या फोटोत आणि पोहण्यातच ती विरून जाते, आणि हे त्या बेटाचा अपमान करण्यासारखं आहे.

समोरच्या लोन्थोर ऊर्फ बांदा बेसारवर गावातून दगडी पायऱ्या चढून गेलं की जायफळाची राई लागते. वर केनारीची प्रचंड झाडं, त्यांच्या सावलीत जायफळाची. मजूर लांब वेळूच्या टोकाला बांधलेली बारीक टोपली वर नेतो, तिच्या काठावरच्या आकड्याने देठ ओढतो, आणि फळ टोपलीत पडतं. सगळी फळं तोडत नाहीत; ज्याला मधोमध चीर पडली तेच पिकलेलं. पिवळट साल उकलली की आत तपकिरी बी, आणि तिच्याभोवती लालभडक, ओलसर जाळी. ती जायपत्री. ताजी असताना ती चकाकते, उन्हात वाळली की तिचा रंग उतरून केशरी-पिवळा होतो. बी आठवडेच्या आठवडे वाळवायची, मग हलवली की आतला गर खुळखुळतो. कवच फोडून जो निघतो तोच श्रीखंडात आणि पुरणात किसून घालायचा. सालही वाया जात नाही, तिचा पाकातला मुरंबा आणि जॅम करतात. नैरामध्ये सकाळच्या न्याहारीला तो हमखास असतो.

कोकणातल्या बागायतदाराला या राईत गेल्यावर परकं वाटणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारळ-सुपारीच्या सावलीत जायफळाची लागवड होते आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती दिल्या आहेत. या झाडाची एक खोड दोन्हीकडे सारखीच. नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि बियांपासून केलेलं रोप कुठलं निघणार हे त्याला पाच-सात वर्षांनी फुलं आल्यावरच कळतं. म्हणून तर कलमं. बांदाची मक्तेदारी शेवटी मोडली ती रोपांनीच. अठराव्या शतकात फ्रेंचांनी चोरून रोपं मॉरिशसला नेली. १८१० साली नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत ब्रिटिशांनी बांदा जिंकलं आणि परत देण्याआधी आपल्या वसाहतींमध्ये जायफळ पोचवून टाकलं. त्यानंतर बांदा एक विसरलेलं बेट झालं.

इतकं विसरलेलं, की डच सरकारने विसाव्या शतकात त्याचा उपयोग हद्दपारीसाठी केला. १९३६ मध्ये मोहम्मद हत्ता आणि सुतान शाहरीर या दोन तरुण नेत्यांना न्यू गिनीच्या मलेरियाग्रस्त छावणीतून इथे आणलं गेलं. हत्तांनी पुस्तकांच्या पेट्या सोबत आणल्या होत्या. दोघांनी बांदाच्या मुलांना शिकवायला घेतलं. १९४२ मध्ये जपानी फौजा येऊन ठेपेपर्यंत ते इथेच होते. पुढे हत्ता स्वतंत्र इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले, शाहरीर पहिले पंतप्रधान. १९४७ साली डचांनी जावाची कोंडी केली तेव्हा नेहरूंच्या सांगण्यावरून बिजू पटनाईकांनी विमान घेऊन जाऊन शाहरीरना बाहेर काढलं, ते याच शाहरीरना. नैरामधली त्यांची आणि हत्तांची घरं पाहता येतात. हत्तांच्या घरामागच्या पडवीत शाळेची बाकं आहेत. बांदाच्या दोन बेटांना आता त्यांचीच नावं आहेत.

पाण्याखालीही बांदाची एक गोष्ट आहे. मे १९८८ मध्ये गुनुंग आपीचा उद्रेक झाला, लाव्हा समुद्रात उतरला आणि त्या बाजूचं सगळं प्रवाळ भाजून निघालं. पाच वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या काळ्या खडकाची पाहणी केली तेव्हा तिथे प्रवाळाच्या शंभराहून अधिक जाती रुजलेल्या होत्या, आणि मेजासारख्या पसरट प्रवाळांचा व्यास नव्वद सेंटिमीटरच्या पुढे गेला होता. स्वच्छ पाणी, चांगला प्रवाह आणि आसपास जिवंत प्रवाळ असलं तर समुद्र किती वेगाने सावरतो, याचा हा दाखला जगभर दिला जातो. पोहायचा चष्मा आणि नळी लावून, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, कुणालाही तो पाहता येतो.

हे सगळं केव्हा पाहायचं ते वारा ठरवतो. मे ते सप्टेंबर या काळात आग्नेयेचे वारे वाहतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये बांदा समुद्र चांगलाच खवळतो. त्या महिन्यांत बोटी दक्षिणेला, कोमोडो आणि फ्लोरेसच्या आडोशाला असतात. ऑक्टोबर ते एप्रिल त्या उत्तरेला राजा अंपातला. या दोन घरांमध्ये ये-जा करताना, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये, त्या बांदाला शिवतात. वर्षभरात बांदाच्या सफरी म्हणूनच मोजक्या आणि आधीच भरलेल्या. शांत महिन्यांतही रात्रभराचं उघड्या समुद्रातलं अंतर असतं. ज्याला बस लागते त्याने गोळी आदल्या संध्याकाळीच घ्यावी.

याच वाऱ्यांवर भरवसा ठेवून निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस हिंडला. १८५४ ते १८६२ ही आठ वर्षं तो या द्वीपसमूहात होता आणि त्याने सव्वा लाख नमुने जमवले. डिसेंबर १८५६ मध्ये तो मकासरहून एका स्थानिक शिडाच्या होडीतून आरू बेटांना गेला. झावळ्या आणि बांबूच्या त्याच्या लहानशा खोलीचं त्याने पुस्तकात मनापासून कौतुक केलं आहे: रंगाचा, डांबराचा वास नाही, सगळं कसं नैसर्गिक. फेब्रुवारी १८५८ मध्ये त्याने नैसर्गिक निवडीवरचा निबंध लिहिला, तर्नाते बेटावरून डार्विनला धाडला, आणि डार्विनला वीस वर्षं दाबून ठेवलेला सिद्धांत जाहीर करणं भाग पडलं.

बांदाहून उत्तरेला निघालेली बोट सोरोंग बंदराच्या वाटेवर राजा अंपातमध्ये शिरते. जगातल्या ज्ञात कठीण प्रवाळांच्या जवळपास तीन चतुर्थांश जाती या पाण्यात आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ गेरी ॲलन यांनी २०१२ मध्ये केप क्री इथे एकाच बुडीत माशांच्या ३७४ जाती मोजल्या. क्रीजवळच, ४ मार्च २०१७ रोजी, ‘कॅलेडोनियन स्काय’ हे ९० मीटरचं जहाज ओहोटीच्या वेळी प्रवाळावर चढलं. त्यावरचे १०२ प्रवासी पक्षी पाहून परतत होते. सुटका करण्याच्या खटपटीत नुकसान आणखी वाढलं. पहिला अंदाज १,६०० चौरस मीटरचा होता. नंतर इंडोनेशियाच्या सरकारने तो अठरा हजारांच्या वर नेला. शंभर प्रवाशांचं जहाज जगाच्या मापाने लहानच. पण त्या उथळ खाडीला ते मोठं होतं, आणि त्या ठिकाणच्या गावांचं पोट मासेमारीवर आणि पाहुण्यांवर चालतं. लाव्हाने पोळलेला खडक पाच वर्षांत हिरवला, म्हणून जहाजाने चुरडलेलं प्रवाळही तसंच भरून येईल असं नाही. चुऱ्यावर नवं प्रवाळ रुजायला स्थिर आधारच मिळत नाही, लाटेबरोबर तो सरकत राहतो.

राजा अंपातच्या गावांत ‘सासी’ची परंपरा आहे. एखाद्या टापूत ठरावीक काळ काहीही काढायचं नाही, असं गाव ठरवतं, चर्चमध्ये किंवा मशिदीत प्रार्थना होते, आणि मुदत संपली की पुन्हा सगळ्यांना मुभा. सरकारी संरक्षित क्षेत्रांची आखणी करताना या जुन्या बंधनाचा आधार घेतला गेला. तरी धोका टळलेला नाही. राजा अंपातच्या बेटांवर निकेलच्या खाणी निघाल्या तेव्हा देशभर ओरड झाली आणि जून २०२५ मध्ये सरकारने पाचपैकी चार कंपन्यांचे परवाने रद्द केले. गाग बेटावरची पाचवी खाण तेवढी राहिली.

बोट निवडताना म्हणून काही गोष्टी रोखठोक विचाराव्यात. नांगर प्रवाळावर टाकता की बांधून ठेवलेल्या तरंगत्या बोयाला बोट लावता? मैलापाणी आणि कचरा कुठे जातो? गावात उतरण्याआधी गावाची परवानगी कोण घेतं, आणि गावाला किती पैसे मिळतात? रात्री पहाऱ्यावर कोण जागं असतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लाकडी बोटी पेट घेतात, आणि कोमोडोजवळच्या समुद्रात पर्यटकांच्या बोटी जळाल्याच्या, बुडाल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. खोलीतून बाहेर पडायला दोन वाटा आहेत का, धुराची सूचना देणारी यंत्रणा आहे का, पहिल्याच दिवशी जीवरक्षक जाकिटांचा सराव होतो का, हे विचारायला लाजू नये. उत्तर द्यायला कुरकुरणारी बोट कितीही देखणी असली तरी सोडावी.

पैशांचं म्हणाल तर चांगल्या बोटीवर एका माणसाला दिवसाला काही शे डॉलर पडतात. अख्खी आलिशान बोट भाड्याने घ्यायची तर दिवसाचा आकडा दहा हजार डॉलरच्या वर जातो. त्यात विमानभाडं वेगळं: बोट जिथून धरायची त्या अंबोन किंवा सोरोंगला पोचायला जकार्ता किंवा मकासरला विमान बदलावं लागतं. भारतीयांना इंडोनेशियाचा व्हिसा पोचल्यावर मिळतो. रोख इंडोनेशियन रुपया मात्र मोठ्या गावातच घेऊन ठेवावा. लहान बेटांवर कार्ड चालत नाही, आणि जायफळाची पुडी विकणाऱ्या बाईला डॉलर नको असतात.

हा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा आहे. पण बांदाची वाट श्रीमंतांसाठीच मोकळी आहे असं मुळीच नाही. पेल्नी या सरकारी कंपनीची मोठी प्रवासी जहाजं महिन्यातून काही वेळा अंबोनहून नैराला येतात. तिकीट स्वस्त, बिछाना ओळीतला, सोबत कोंबड्या, पोती, सुट्टीला घरी निघालेले विद्यार्थी. नैरामध्ये जुन्या वाड्यांतली साधी अतिथीगृहं आहेत, तिथे जेवण घरचं मिळतं आणि मालकच लोन्थोरला जाणारी होडी ठरवून देतो. वेळापत्रकाचा मात्र भरवसा नाही, जहाज दिवसभर उशिरा येऊ शकतं. ते येतं तेव्हा मध्यरात्र असली तरी अख्खं नैरा धक्क्यावर लोटतं. धुरी दिलेला मासा, जायफळाच्या सालीच्या वड्या, केनारीच्या बिया यांच्या पाट्या घेऊन बाया उतारूंच्या आधीच जहाजाच्या जिन्यावर चढलेल्या असतात.